मुका हॉर्न घेऊन जबलपूरला

जबलपूरला जाऊन आलो म्हटलं, की लोक आधी धुवांधार धबधब्याचं विचारतात. नावेत बसून संगमरवराचे कडे पाहिले का, खोव्याची जिलेबी खाल्ली का. जिलेबी खाल्ली. धबधब्यापासून हाकेच्या अंतरावर तासभर उभा होतो, पण तो पाहिला नाही. त्या दोन दिवसांत मी जे पाहिलं ते बहुतेक माझ्याच गाडीच्या बॉनेटखाली होतं. तरी लिहितो आहे, कारण जुनी गाडी घेऊन त्या रस्त्यानं जाणारे माझ्यासारखे शहाणे अजून बरेच असतील.

मी नागपूरचा, धंद्यानं पेंटर. दुकानांच्या पाट्या, शाळांच्या भिंती, ट्रकच्या मागची फुलं. पाट्या आणि शिड्या वाहायला एक जुनी पिकअप घेतली होती. माझ्याआधी तिचे तीन मालक झाले होते आणि तिघांनीही तिला धुतलं नव्हतं. आमच्या वस्तीतल्या विहारासाठी भेडाघाटच्या एका कारागिराकडे संगमरवराची बुद्धमूर्ती करायला दिली होती. मूर्ती तयार असल्याचा निरोप आला तेव्हा बैठकीत आणायची कशी यावर चर्चा सुरू झाली. मी उठून म्हणालो, "माही गाडी आहे नं!" टाळ्या पडल्या. टाळ्या पडल्या की माणूस फसतो.

रविवारी पौर्णिमेला सकाळी स्थापना. पत्रिका वाटून झालेल्या, भन्तेजींना सांगून झालेलं, मांडव घालून झालेला. शनिवारी मूर्ती वस्तीत पोचलीच पाहिजे. आणि एवढ्या वर्षांनी वस्तीत येणारी मूर्ती गंजक्या डब्यातून कशी आणायची? म्हणून मी आठ दिवस आधी गाडी खरवडून काढली आणि निळी रंगवली. रंगाचे तीन हात दिले. लोखंड उघडं ठेवायचं नाही, हा माझ्या धंद्यातला धर्म आहे. बॉनेटच्या आत जिथं कुणी डोकावत नाही तिथंही ब्रश घातला. गाडी अशी दिसायला लागली की शेजारचे लोक येऊन हात फिरवून जायचे.

शुक्रवार, कुरईचा घाट

ही गोष्ट तो रस्ता रुंद होण्याच्या कितीतरी आधीची. खवाशाला नाक्यावर कागद दाखवले आणि मध्य प्रदेश लागला. पूर्वी नागपूर आणि जबलपूर एकाच प्रांतात होते. वाटणी झाली, आम्ही इकडे आलो, ते तिकडे राहिले. माझी ताई लग्न होऊन जबलपूरच्या रांझीला गेली तेव्हा बाबा म्हणाले होते की पोरगी परराज्यात दिली. जंगलाला मात्र ती वाटणी कुणी सांगितलेली दिसत नाही. नाक्याच्या अलीकडे जो साग, तोच पलीकडे.

कुरईच्या घाटात वळणं एकामागून एक येतात आणि डोंगराची बाजू इतकी पुढे आलेली आहे की समोरचं काही दिसत नाही. तिथं डोळ्यांचा उपयोग थोडाच. तुम्ही हॉर्न द्यायचा, समोरच्यानं द्यायचा, मग दोघांनी आपापली बाजू धरायची. पहिली दोन वळणं मी ऐटीत वाजवत घेतली. तिसऱ्यावर बटण दाबलं आणि आवाजच आला नाही. पुन्हा दाबलं. बटणाकडे पाहिलं. एवढीच चूक, एका क्षणाची.

मान वर केली तर समोर सायकल. विडीचा तेंदूपत्ता तोडायचे दिवस होते. सायकलच्या दोन्ही बाजूंना पानांचे गठ्ठे बांधलेला एक म्हातारा ती हातानं ढकलत रस्त्याच्या मधोमध चाललेला, त्याच्यामागे डोक्यावर गठ्ठा घेतलेली बाई. मी ब्रेकवर उभाच राहिलो. गाडी घसरत गेली आणि सायकलच्या हँडलला बंपर टेकवून थांबली. सायकल पडली, गठ्ठे सुटले, पानं रस्ताभर झाली. म्हातारा तसाच उभा होता. मी खाली उतरलो.

तो शिव्या देईल असं वाटलं होतं, त्यानं दिल्या नाहीत. बाई पानं गोळा करायला लागली, मीही बसलो. म्हातारा हळूच म्हणाला, "हॉर्न तो मारते, बाबू."

"मारा था, बाबा," मी म्हणालो. "बजा नहीं."

त्यानं माझ्या चकचकीत निळ्या गाडीकडे पाहिलं आणि सायकल उभी केली. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. उरलेला घाट मी खिडकीतून डोकं बाहेर काढून, दाराचा पत्रा हातानं बडवत चढलो.

रांझी

रांझीत गाड्यांची फॅक्टरी सुटायच्या वेळेला पोचलो. रस्ताभर सायकली आणि मोटरसायकली, आणि त्यात मी मुका. ताईचं क्वार्टर सापडेपर्यंत घामानं शर्ट पाठीला चिकटला होता.

ताई माझ्याहून दहा वर्षांनी मोठी. आई शेतावर जायची तेव्हा हिच्याच कडेवर मी वाढलो. दारातच तिनं माझ्या तोंडाकडे पाहून विचारलं, "काय झालं बे? काहून असा पांढरा पडला?" मी सगळं सांगितलं. तिनं आधी पन्ह्याचा ग्लास हातात दिला, मग म्हणाली, "त्या बुढ्याले लागलं तं नाही नं?"

तिचा नवरा, आमचे भाऊजी, फॅक्टरीत तीस वर्षं गाड्यांच्या जोडणीवर. घरी लुंगीवर असले तरी गाडीचा विषय निघाला की त्यांच्या अंगात आपोआप खाकी शर्ट चढतो. बॉनेट उघडून त्यांनी एक नजर टाकली. "भोंगा जळला आहे. सकाळी घमापूरले नवा बसवू. पाच मिनिटांचं काम. तू काहून रडून राहिला?"

त्या रात्री जेवताना ठरलेला बेत मला कळला. ताई आणि भाऊजी स्थापनेला येणार होते, हे ठाऊक होतं. ते केबिनमध्ये माझ्या शेजारी बसतील अशी माझी समजूत होती. ताई म्हणाली, "आम्ही मागं बसू, मूर्तीजवळ. तिले एकटी कशी सोडायची?"

पंचावन्न-साठीची दोन माणसं, मागे उघड्या हौद्यात, दगडाच्या मूर्तीला धरून, त्या घाटातून. 

शनिवार सकाळ, घमापूर

आमच्याकडे पोह्यांवर तर्री घालतात आणि खाणारा नाक पुसत उठतो. जबलपुरात पोह्यांवर शेव आणि बाजूला जिलेबी. सकाळी सकाळी गोड खाऊन लोक कामाला कसे लागतात कोण जाणे. भाऊजींनी मला घमापूरच्या चौकात दोनदा जिलेबी खायला लावली आणि तेवढ्यात दुकान उघडलं.

दुकानदार तरणा, हात चलाख. माझा भोंगा काढून त्यानं दोन वायरींनी सरळ बॅटरीला लावला. भोंगा असा ओरडला की समोरच्या भाजीवालीनं मुळ्यांची जुडी उगारली.

"ये तो ठीक है, भैया," तो म्हणाला.

"ठीक नाही आहे," भाऊजी मला मराठीत आणि त्याला हिंदीत म्हणाले. "कभी बजता है, कभी नहीं. अंदर से गया है. नया डालो."

"हओ," म्हणून त्यानं नवा भोंगा त्याच पट्टीवर बोल्टनं कसून आवळला. बटण दाबलं. खणखणीत. मी दहा वेळा दाबून पाहिलं, दहाही वेळा वाजला. भाऊजींनी मिशीवरून बोट फिरवलं. मला वाटलं, सुटलो. परतताना वाटेत ताईला घेतलं आणि आम्ही भेडाघाटकडे निघालो.

भेडाघाट

कारागिराचं अंगण पांढऱ्या धुळीनं भरलेलं होतं. झाडावर, कोंबड्यांवर, त्याच्या भुवयांवर धूळ. मूर्ती सावलीत पोत्याखाली होती. त्यानं पोतं बाजूला केलं आणि ताईनं हात जोडले ते जोडलेलेच राहिले. तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ती ते पुसत नव्हती. मीही पाट्यांवर पुष्कळ चेहरे रंगवले आहेत, पण मिटलेल्या पापण्यांना इतकं जिवंत मी कधी पाहिलं नव्हतं.

चौघांनी उचलून मूर्ती गाडीत ठेवली. खाली गवत, भोवती पोती, चारी बाजूंनी दोर. कारागीर म्हणाला, "धीरे ले जाना. उँगलियाँ पतली हैं. एकदम ब्रेक मारोगे तो टूटेंगी." साडेअकरा झाले होते. घाट उजेडात पार करायचा तर दुपारी एकपर्यंत निघायला हवं होतं. अजून वेळ होता. पलीकडून धबधब्याचा आवाज येत होता. ताई मूर्तीच्या उजव्या अंगाला, भाऊजी डाव्या अंगाला बसले. मी गाडी सुरू केली, अंगणातून वळताना एक कुत्रं आडवं आलं. मी बटण दाबलं.

आवाज नाही.

खाली उतरून मी नव्या भोंग्याला हात लावला, हलवला, थोपटला. एकदा चिरकला आणि पुन्हा गप्प. भाऊजी हौद्यातूनच ओरडले, "चाल आता! इथून सरळ नागपूर रोड धरता येते. हळू चालव, हॉर्न कायले पाहिजे?"

"मी नाही चालवत."

"अरे, उद्या सकाळी स्थापना आहे! शहरात वापस गेला तं दोन तास गेले. लोक वाट पाहून राहिले तिकडं."

"तुम्ही काल त्या वळणावर नव्हते, भाऊजी."

आवाज चढले. तीस वर्षं गाड्या बनवल्या म्हणजे काय, ते त्यांनी मला सांगितलं. काल संध्याकाळपासून त्यांचं ऐकूनच ही वेळ आली, हे मी त्यांना सांगितलं. मोठ्या माणसाशी असं बोलायला नको होतं, पण बोललो. कारागीर आणि त्याची माणसं हातातली छिन्नी थांबवून ऐकत होती. शेवटी ताई मूर्तीच्या खांद्यावरचा हात न काढता म्हणाली, "गाडी कोण चालवून राहिलं? हा. मंग हा म्हणते तिकडं चला."

भाऊजी बसले आणि त्यांनी तोंड फिरवलं. मी गाडी उलट्या दिशेला, शहराकडे घातली.

गोहलपूर

कारागिरानंच पत्ता दिला होता. गोहलपूरच्या गल्लीत, वेल्डिंगच्या दुकानाशेजारी, इद्रीस चाचा. गाडीच्या वायरिंगचं एवढंच काम करतात. गल्ली इतकी चिंचोळी की दोन्ही बाजूंच्या दुकानदारांनी आपापलं सामान आत ओढून मला वाट दिली. इथवर यायलाच एक तास गेला होता. घड्याळाकडे पाहायचं मी सोडून दिलं.

चाचा सत्तरीचे, डोळ्यांवर जाड भिंगाचा चष्मा. त्यांनी मागे झाकलेली मूर्ती पाहिली, मूर्तीला धरून बसलेली माझी बहीण पाहिली, आणि आतून स्टूल मागवून गाडीला टेकवलं. "बहनजी, उतरकर पानी तो पीजिए."

ताई म्हणाली, "मैं यहीं ठीक हूँ, भैया." पाणी वरच दिलं गेलं.

मी भराभरा सांगायला लागलो. फ्यूज पाहिला, भोंगा नवा, कधी वाजतो, कधी नाही. चाचांनी हात वर करून मला थांबवलं. त्यांनी एक छोटा बल्ब घेतला, त्याला दोन वायरी. एक वायर बॅटरीच्या गरम, म्हणजे अधिक, टोकाला धरली. दुसरी भोंग्याच्या पट्टीला टेकवली. बल्ब पेटला नाही. बाजूच्या पत्र्याला टेकवली, नाही. इंजिनाच्या एका तेलकट, रंग न लागलेल्या बोल्टला टेकवली. बल्ब लख्ख पेटला.

चाचा माझ्याकडे वळले. "गाड़ी किसने रँगी है?"

एवढ्या काळजीतही माझी मान ताठ झाली. "मैंने. तीन हाथ."

"बहुत उम्दा रँगी है." त्यांनी पट्टीवरून अंगठा फिरवला, जाणकार माणूस फिरवतो तसा. "अंदर तक रँगी है. पट्टी भी, बोल्ट भी, पट्टी के पीछे का लोहा भी. भोंगे को एक तार आगे से मिलता है, मियाँ. वापसी का रास्ता तो लोहा है. आपने रास्ता ही बंद कर दिया."

मला कळेना. मग त्यांनी समजावलं. बोल्ट घट्ट आवळला की त्याच्या आट्यांनी रंग थोडा खरवडला जातो, लोखंडाला लोखंड लागतं, करंट त्यातून परततो, भोंगा वाजतो. गाडी हलली, बोल्ट केसभर सैल झाला, की मध्ये रंग आडवा येतो. म्हणून निघताना वाजायचा आणि रस्त्यात मुका व्हायचा. घमापूरच्या दुकानदारानं आवळला तेव्हा वाजला आणि भेडाघाटच्या खडबडीत रस्त्यावर गेला, तेही त्यामुळेच.

म्हणजे भोंगा चांगला होता, पहिलाही आणि दुसराही. आधीचे तीन मालक, घमापूरचा दुकानदार, भाऊजी, कालपासून ज्यांना ज्यांना मी मनात शिव्या घातल्या ते सगळे निर्दोष. लोखंड उघडं ठेवायचं नाही म्हणणारा मी. त्या म्हाताऱ्याची सायकल माझ्या तिसऱ्या हातानं पाडली होती. 

भाऊजी हौद्यातून उतरून आले, सगळं ऐकून उभे राहिले. मी त्यांच्या नजरेला नजर दिली नाही. ते फक्त एवढंच म्हणाले, "मले बी नाही सुचलं बाप्पा. आमच्या तिथं अर्थिंगची जागा रंगायच्या आधी झाकून ठेवतात. पाहिलं पाहिजे होतं मी."

चाचांनी कानस पुढे केली. ती मला दिली. "रंग आपका है. आप ही घिसिए."

मी घासलं. पट्टीच्या मागचा रुपयाएवढा गोल, मग पट्टीची दोन्ही अंगं, मग बोल्टाची मान. निळा भुगा माझ्या हातांवर पडत होता आणि खालून पांढरं लोखंड निघत होतं. चाचांनी त्यावर ग्रीसचं बोट फिरवलं, गंजू नये म्हणून, आणि वर भरवसा म्हणून एक वेगळी वायर भोंग्यापासून थेट इंजिनाच्या बोल्टला आवळून दिली. मग म्हणाले, "बजाओ."

गल्ली दणाणली. चाचांनी पट्टी पकडून गदागदा हलवली आणि मला बटण सोडू दिलं नाही. आवाज तुटला नाही. ताईनं वरून विचारलं, "झालं का रे?" मी मान हलवली.

पुन्हा घाट

एक वाजायच्या ऐवजी दोन वाजून गेल्यावर जबलपूर सोडलं. लखनादौन, सिवनी, कुठंही चहाला थांबलो नाही. हिसका बसू नये म्हणून गाडी जपून चालवायची आणि उजेड जायच्या आत घाट गाठायचा, ही दोन्ही कामं एकदम होत नाहीत. सिवनीनंतर भाऊजींनी मागून पत्रा वाजवून दोनदा विचारलं, "ठीक आहे नं?" मी ओरडून "हो" म्हणायचो. खरं तर माझा अंगठा बटणावर आखडून गेला होता.

घाट लागला तेव्हा झाडांचे शेंडे अजून उन्हात होते आणि रस्ता सावलीत गेला होता. यावेळी उतार माझ्या बाजूनं होता, मागे दगडाचं वजन. पहिल्या वळणावर हॉर्न दिला, वाजला. दुसऱ्यावर वाजला. मधल्या एका वळणावर मी वळणाच्या कितीतरी आधीपासून दाबून धरला आणि सोडला नाही. डोंगरापलीकडून करकचून ब्रेक लागल्याचा आवाज आला. वळलो तर समोर प्रवाशांनी भरलेली बस, एका लाकडाच्या ट्रकला ओलांडायला अर्धी माझ्या बाजूला आलेली, जागच्या जागी थांबलेली. मी ब्रेक हळूहळू दाबत गाडी आणली आणि तिच्या पुढच्या चाकाजवळ थांबवली.

बसचा ड्रायव्हर खिडकीतून वाकला. त्याचं तोंडही पांढरं पडलं होतं. "अच्छा हुआ बजा दिया, भैया. मैं तो निकल ही रहा था." ट्रक पुढे गेला, ड्रायव्हरनं बस मागे घेतली आणि हात वर करून निघून गेला.

मी गाडी कडेला लावली, मागे गेलो आणि फळी उघडली. मूर्ती जशीच्या तशी होती, बोटंसुद्धा. भाऊजी पत्र्याला पाठ लावून डोळे मिटून बसले होते. ताई मूर्तीला कवटाळून बसली होती. मी म्हटलं, "ताई, सोड आता, झालं." ती हलली नाही. मग मला दिसलं, की मूर्तीच्या दोराचं उरलेलं टोक तिनं स्वतःच्या कमरेभोवती दोनदा गुंडाळून गाठ मारली होती.

"हे काय केलं तू?"

"काही नाही," ती म्हणाली. "मूर्ती इकडून पडली तं बस्तीत एकटी उतरून मी कोणाले काय सांगू?"

"अन् गाडीच दरीत गेली असती तं?"

तिनं गाठीवरून पदर ओढला. म्हणजे त्याचाही विचार तिनं करून ठेवला होता.

मी गाठ सोडायला गेलो. ती इतकी करकचून बसली होती की निळा रंग बसलेल्या माझ्या बोटांना सुटेना. भाऊजींनी सोडली. मूर्तीला पोत्यांचा आणखी एक वेढा दिला, दोर पुन्हा आवळले आणि दोघांनाही पुढे केबिनमध्ये घेतलं, ताई माझ्या शेजारी. तिनं नको म्हटलं, मी ऐकलं नाही. त्या दिवसात पहिल्यांदाच मी तिचं ऐकलं नाही.

पुढच्या वळणाआधी ती म्हणाली, "वाजव." मी वाजवला. त्याच्या पुढच्याआधीही म्हणाली. उरलेल्या एकूण एक वळणाआधी ती "वाजव" म्हणत गेली आणि मी वाजवत गेलो. घाट संपला, खवाशाकडचा सरळ रस्ता लागला, पुढे मैलभर कुणी दिसत नव्हतं. ती पुन्हा म्हणाली, "वाजव."

"आता काहून, ताई? घाट सरला."

"मले आयकू दे," ती म्हणाली.

मी वाजवला.